सिलिंड्रिकल कोऑर्डिनेटमध्ये हूप स्ट्रेन (परिघाच्या दिशेचा ताण-विकार) कसा बघायचा? (ॲन्सिस मेकॅनिकल, ताणाचं गणित करणारं सॉफ्टवेअर)

गोलशेल, वडोदरा:
मकरपुरा जीआयडीसीत बनणाऱ्या एका प्रेशर व्हेसलचं (दाब सहन करणाऱ्या नळकांडी टाकीचं) मॉडेल आहे. सॉलिड एलिमेंट, दोन्ही टोकं बंद, सरासरी त्रिज्या ५०० मिमी, जाडी १० मिमी, टेस्ट प्रेशर २ एमपीए. हायड्रोटेस्टला (पाणी भरून दाब देण्याच्या चाचणीला) शेलवर, म्हणजे नळकांडी भिंतीवर, बाहेरून स्ट्रेन गेज लागणार, एक परिघाच्या दिशेने, एक अक्षाच्या. पण ‘नॉर्मल इलॅस्टिक स्ट्रेन’ एक्समध्ये काढला की कुठे अधिक, कुठे उणे. पाव फेरीत रंग उलटतो. मेश (एलिमेंटची जाळी) बिघडलाय का?

दाबपात्र:
मेशला हात लावू नका. ग्लोबल एक्स एका जागी त्रिज्येची दिशा असते, ९० अंश पुढे तीच परिघाची होते. म्हणून पट्टे.

ट्रीमध्ये ‘कोऑर्डिनेट सिस्टिम्स’वर राइट क्लिक करून नवी घाला, टाइप ‘सिलिंड्रिकल’, ओरिजिनसाठी शेलचा आतला गोल पृष्ठभाग निवडा. झेड शेलच्या अक्षावरच बसलाय ना, ते स्क्रीनवर बघून घ्या; घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. मग रिझल्टच्या डिटेल्समध्ये ही सिस्टिम देऊन पुन्हा इव्हॅल्युएट करा. सॉल्व्ह परत चालवायला नको. आता एक्स त्रिज्या, वाय हूप, झेड अक्ष. नावं मात्र एक्स-वाय-झेडच दिसतील.

पडताळा हाताने: स्टीलला ई (लवचिकता गुणांक) २००००० एमपीए, पॉयसन गुणोत्तर ०.३ धरून बाहेरच्या पृष्ठभागावर हूप ४१७ मायक्रोस्ट्रेनच्या (स्ट्रेनच्या दशलक्षांश भागांच्या) आसपास, अक्षीय ९८. आतून हूप ४३० येईल, म्हणून प्रोब (मॉडेलमध्ये एका जागचा आकडा वाचणारी खूण) बाहेरच लावा. अक्षीय आकडा हूपच्या जागी दिसला तर अक्ष चुकलाय.

जाळीवाला:
वर दिलंय ते बरोबर. इक्विव्हॅलंट आणि प्रिन्सिपल स्ट्रेन सिस्टिम बदलून हलत नाहीत, हूप तिथे शोधत बसू नका. शिअर स्ट्रेन इंजिनिअरिंग प्रकारचा असतो, टेन्सरच्या दुप्पट. रोझेटच्या (एकाच जागी तीन दिशांनी लावलेल्या गेजच्या) गणिताशी जुळवताना हे विसरलं की हमखास गोंधळ.

गोलशेल:
जमलं, वायमध्ये सगळीकडे एकच रंग. डिश एंडवरही (टाकीच्या फुगीर टोकावरही) हीच सिस्टिम चालेल?

जाळीवाला:
हूपपुरती चालेल. बाकी दोन दिशा तिथे पृष्ठभागाला तिरक्या पडतात. ‘एलिमेंट ओरिएंटेशन’ घालून सरफेस गाइड आणि एज गाइड द्या, सॉल्व्ह करा, मग रिझल्ट ‘सोल्युशन कोऑर्डिनेट सिस्टिम’मध्ये बघा. आणि शेलवरचे गेज डिश एंडच्या जोडापासून निदान १८० मिमी लांब ठेवा. अडीच गुणिले त्रिज्या-जाडीच्या गुणाकाराचं वर्गमूळ, एवढ्या अंतरात बेंडिंग बरंचसं विरतं. त्याहून जवळ ४१७ मिळण्याची आशा नको.