जुन्या टेबल सॉची सुरक्षितता वाढवताना सुरुवात कशापासून करावी?

कोथरूडकर_सुतारकाम
नमस्कार. हौस म्हणून मी गॅरेजमध्ये लाकूडकाम करतो. नुकताच १० इंची पात्याचा, २ एचपी सिंगल फेज मोटारीचा जुना टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड चिरणारे यंत्र, घेतला. मोटार आणि फेन्स (लाकूड सरळ सरकवण्यासाठीची आधारपट्टी) उत्तम आहेत, परंतु पात्यावरचा गार्ड आणि पात्यामागची पट्टी आधीच्या मालकाने काढून टाकली आहे. चालू-बंद करायला साधे बटण आहे. जुन्या वाड्यांतून निघालेले सागवान मी मुख्यतः उभे चिरतो. बोट लागताच पाते थांबवणारी सॉस्टॉपसारखी यंत्रणा या यंत्राला बसवता येईल का, आणि येत नसेल तर आधी खर्च कशावर करावा?

धायरी_वर्कशॉप
ती यंत्रणा जुन्या यंत्राला बसवता येत नाही. त्यात स्प्रिंगच्या जोराने अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दातांत घुसतो आणि पाते सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबते. हा धक्का सोसेल असा सांगाडा मुळापासून त्यासाठीच घडवावा लागतो. शिवाय ती लाकूड उसळणे, म्हणजे किकबॅक, थांबवत नाही, आणि उभे चिरताना मला त्याचीच धास्ती अधिक वाटते.

पात्याचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबत असतात, मागचे दात मात्र वर येत असतात. चिरताना लाकडातला ताण मोकळा होऊन काप मिटू लागला, की मागचे दात ते लाकूड उचलून थेट आपल्या अंगावर फेकतात, आणि त्याच्या ओढीने हातही पात्याकडे जाऊ शकतो. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या १० इंची पात्याच्या दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात असतो. तेवढ्या अवधीत हात मागे घेणे कोणालाही जमणार नाही.

म्हणून पहिला खर्च रिव्हिंग नाइफवर, म्हणजे काप मिटू न देणाऱ्या त्या काढून टाकलेल्या पट्टीवर करावा. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, पण दातांच्या रुंदीपेक्षा पातळ हवी, पत्रा १.८ मिमी आणि काप २.६ मिमी असेल तर २.२ मिमीची पट्टी योग्य ठरते. दातांपासून तिचे अंतर ३ ते ८ मिमी ठेवावे आणि पात्यासोबत वर-खाली होणाऱ्या भागावरच ती बसवावी. मूळ सुटा भाग मिळाला तर उत्तमच. नाहीतर भोसरीत पोलादी पत्र्यातून मापाने कापून घेता येईल. वाड्याच्या सागवानातले खिळे मात्र आधी लोहचुंबक फिरवून शोधावेत, कारण तुटलेला कार्बाइडचा दात गोळीसारखा उडतो.

तपकीर_गल्ली_इलेक्ट्रिक
वरील उत्तराशी सहमत आहे, पण ते साधे बटणही आजच बदला. वीज गेली, आपण बटण बंद करायला विसरलात आणि पात्याजवळचा भुसा झटकत असताना वीज परत आली, तर यंत्र आपोआप सुरू होईल. नो-व्होल्ट स्विचमधली कॉइल वीज जाताच सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. कॉइल असलेला डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटार थेट लाइनवर सुरू करणारा स्विच, हेच काम करतो. तो मोटारीच्या करंटनुसार निवडावा. लाल बटण मोठे आणि गुडघ्याने दाबता येईल असे असावे. सोबत अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावून घ्यावा.

कोथरूडकर_सुतारकाम
दोघांचेही मनःपूर्वक आभार. रिव्हिंग नाइफचे माप घेऊन ठेवतो आणि गार्डही पुन्हा बसवतो. एक शंका राहते: १० मिमीच्या पातळ पट्ट्या काढताना गार्ड आणि फेन्स यांमध्ये पुश स्टिकला, म्हणजे लाकूड ढकलायच्या काठीला, जागाच उरणार नाही. तेव्हा गार्ड काढावा का?

धायरी_वर्कशॉप
काढू नये. रुंद फळी फेन्सच्या बाजूला ठेवून पातळ पट्टी पात्याच्या पलीकडच्या बाजूला पडू द्यावी आणि प्रत्येक कापानंतर फेन्स नव्याने लावावे. वेळ थोडा अधिक जातो, परंतु पातळ तुकडा पाते आणि फेन्स यांच्यामध्ये अडकत नाही आणि हातही दूर राहतो.