माळ्यावर खोली काढायची का? (घरचा ग्रुप)

दादा: सगळ्यांना विचारतोय, माळ्यावर खोली काढायचं यंदा खरंच मनावर घेतलंय. पोरं मोठी झाली, दोघांना एका खोलीत ठेवणं म्हणजे रोजची मारामारी, आणि वरती एवढी जागा नुसती खोक्यांनी भरलीये. काल एक कॉन्ट्रॅक्टर बघून गेला, म्हणाला ७२० स्क्वेअर फूट आहे साहेब, आख्खा फ्लॅट होईल. फुटाचा रेट पण सांगून गेला. कुणाला माहिती असेल तर बोला

बंटी: ७२०!!! दादा एक रूम माझी

आत्या: तुझी खोकी पण आहेत त्यात बंटी, आधी ती उचल

अण्णा: ७२० कुठून आणले त्याने?

दादा: २४ बाय ३० अण्णा. खाली घर आहे तेवढंच वर

अण्णा: खाली भिंती आहेत रे, वर उतरतं छप्पर आहे. वळचणीपाशी, म्हणजे छप्पर भिंतीवर टेकतं तिथे, मांजर पण वाकून जाईल. आढ्याखाली, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच रेषेखाली, उंची किती आहे ते सांग, तुळयांच्या वरून मोजायची

दादा: साडेनऊ फूट भरली मधोमध. म्हणजे भरपूर आहे ना

अण्णा: थांब. सध्याच्या तुळयांवर तुला राहता येणार नाही, त्या खालचं सीलिंग आणि थोडं सामान धरायला बसवलेल्या असतात. राहत्या खोलीला दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वजन धरून डिझाइन करतात, त्यात कपाट आलं, पलंग आला, चार माणसं एका कोपऱ्यात उभी राहिली तर ती आली. म्हणजे नवीन बीम टाकायचे, वर फळी, वर फ्लोअरिंग, त्यात सहा-सात इंच गेले. छपराला आतून इन्सुलेशन आणि बोर्ड, हवेची फट सोडून, त्यात पाच-सहा. झाला फूट. आता उंची साडेआठ. आणि ती पण फक्त मधल्या रेषेत.

अण्णा: आता हिशोब कर. अर्धी रुंदी १२ फूट, त्यात छप्पर साडेनऊ फूट चढतं. आतली उंची साडेआठ धरून, पाच फुटांच्या वर डोकं राहील असा पट्टा निघतो पावणेनऊ फुटांचा. सरळ ताठ उभं राहायला साडेसहा फूट धर, तर तो पट्टा जेमतेम पाच फुटांचा. पावणेनऊला ढोबळ नऊ धरले तरी नऊ गुणिले तीस, २७०. त्यातून जिन्याचं भोक वजा कर, तीसेक फूट. म्हणजे कामाची जागा २४० फूट, ७२० नाही

बंटी: 🙄 रूम गेली माझी

दादा: मग तो ७२० चा रेट लावतोय तो??

ताई: तेच लिहायला आले होते. आमच्या शेजारणीने केलं होतं असं, तिला पण फुटावर रेट दिला आणि तिने होकार दिला, नंतर बिल आलं तेव्हा वळचणीची ती तिरकी जागा पण फ्लोअरिंगमध्ये मोजलेली, जिथे झाडू पण आडवा करून घालावा लागतो. पण तिची खोली छान झालीये हां, खोटं नाही बोलणार. बाजूंना चार फुटांच्या बुटक्या भिंती घेतल्या आणि भिंतीमागे छोटे दरवाजे लावून सगळं सामान आत. फक्त पलंग भिंतीला लावलाय त्यामुळे सकाळी उठून बसलं की कपाळ थेट वाशाला, म्हणजे छपराच्या तिरक्या लाकडाला. तिथे तिने स्पंजची पट्टी लावलीये हाहा

वहिनी: मला एकच सांगा, जिना कुठून जाणार

दादा: पॅसेजमधून, गोल जिना लावू, जागा कमी जाते

वहिनी: गोल जिन्यातून गादी वर नेऊन दाखवा मला, मग बोलू

भाऊजी: वहिनींचा पॉइंट बरोबर आहे. गोल जिना दिसायला छान पण रोज कपड्यांची बादली घेऊन चढायचं म्हणजे वैताग, आणि आत्या तर चढणारच नाहीत त्यावर. साधा जिना धरा. खालच्या फरशीपासून वरच्या फ्लोअरिंगपर्यंत दहा फूट उंची असेल तर सात इंचाच्या सतरा पायऱ्या लागतात, पाय ठेवायला दहा इंच धरले की सरळ जिना तेरा फुटांच्या वर जातो लांबीला. तीन फूट रुंद धरला तर खालून चाळीस चौरस फूट गेले. आणि वरच्या फ्लोअरला दहा बाय तीनचं भोक पाडावं लागतं, नाहीतर चढताना डोकं आपटतं.

भाऊजी: आणि हो, जिन्याची वरची टोकाची पायरी आढ्याखालीच निघायला पाहिजे, वळचणीला नाही. म्हणजे खाली जिना कुठे बसतो हे छप्पर ठरवणार, आपण नाही

वहिनी: म्हणजे माझी देवघरापासची... नाही, हॉलची मधली जागा जाणार

दादा: एल आकारात करू ना

भाऊजी: करता येतो, मध्ये लँडिंग टाकून. जागा तेवढीच खातो, फक्त कोपऱ्यात खातो म्हणून कमी खुपतो. खालची बाजू कपाटासाठी वापरता येते

अण्णा: दादा, माळ्यावर एकदा बॅटरी घेऊन वर बघ आणि फोटो टाक. वासे सुटे आहेत की मध्ये डब्ल्यूसारख्या कैच्या आहेत?

दादा: [फोटो] ह्या तिरक्या पट्ट्या आहेत बघा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ह्या कापून टाकू, मोकळं होईल

अण्णा: त्याला सांग हात लावायचा नाही. ह्या कैच्या आहेत. छपराचं वजन वासे बाहेरच्या बाजूला ढकलत असतं, खालची आडवी तुळई ते ओढून धरते, तिरक्या पट्ट्या वासे मध्ये वाकू देत नाहीत. एक कापलीस तर लगेच काही पडणार नाही, हेच वाईट आहे, महिने जातील आणि मग भिंतीच्या वरच्या कडेला तडा दिसेल, आढं खाली बसेल. कापायचंच असेल तर आधी लोखंडी गर्डर भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकून वजन तिकडे वळवायचं, मग कापायचं. ते डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनियर करतो, कॉन्ट्रॅक्टर नाही. खर्चातला मोठा आकडा हाच. टाइल्स आणि रंग ही किरकोळ गोष्ट आहे

ताई: आणि गर्डर वर न्यायचा कसा हे पण विचार. शेजारणीकडे छपराचा तुकडा उघडून क्रेनने आत सरकवला, क्रेनचे पैसे वेगळे. काही ठिकाणी तुकड्यात आणून वर नट-बोल्टने जोडतात. छप्पर उघडायचं असेल तर कोरडे दिवस बघूनच

आत्या: उन्हाळ्यात वर कोण राहणार पण. मी लहानपणी माळ्यावर लपायचे, भाजून निघायचे

ताई: आत्या बरोबर बोलतेय. छप्पर दिवसभर तापतं आणि संध्याकाळी ती उष्णता आत सोडत बसतं, पोरं झोपायला जातात नेमकी त्याच वेळी. एसी लावून काही होत नाही, नुसतं बिल येतं. आधी वाशांमध्ये रॉकवूल किंवा फोमचे बोर्ड, आणि कौलं किंवा पत्रा आणि इन्सुलेशन यांच्यात दोनेक इंच हवेची फट, खालून वळचणीतून हवा आत, वरून आढ्यापाशी बाहेर. फट नसेल तर थंडीत आतल्या श्वासाची वाफ लाकडाला लागून पाणी सुटतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं, दिसत पण नाही

ताई: खिडक्या दोन्ही बाजूंना घे, एकाच बाजूला नको. फ्लोअरच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या भागाएवढी तरी काच हवी. छपरातच बसणाऱ्या खिडक्या येतात त्या स्वस्त पडतात. छप्पर फोडून उभी खिडकी बाहेर काढलीस तर उंची मिळते, खोली खोलीसारखी वाटते, पण तिथले सांधे नीट नाही केले तर पहिल्याच पावसात गळणार

दादा: बाथरूम पण काढायचा विचार होता

वहिनी: कुणाचा विचार? मी नाही म्हटलं होतं

अण्णा: पाण्याची टाकी कुठे आहे तुमची?

दादा: माळ्यावरच. ५०० लिटरची

अण्णा: म्हणजे भरली की अर्धा टन. ती आधी हलवावी लागेल, तिच्यासाठी दुसरी जागा, दुसरा आधार. आणि बाथरूम टाकीच्याच पातळीला आलं तर शॉवरला पाणी येणार कसं? दर मीटर उंचीला फक्त ०.१ बार दाब मिळतो. वरच्या बाथरूमला प्रेशर पंप लागणारच, तो आवाज करतो, लाइट गेली की बंद. संडासाचं पण तेच, चार इंची पाइपला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार पाहिजे, खालच्या बाथरूमच्या बरोबर वर आलं तरच सोपं. दुसऱ्या कोपऱ्यात नेलंस तर फ्लोअरखालून पाइप नेताना उंची अजून खाणार

दादा: ठीक आहे, बाथरूम कॅन्सल

वहिनी: 🙏

भाऊजी: अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आग लागली तर धूर जिन्यानेच वर चढतो, आणि वर झोपलेल्याला उतरायचा रस्ता तोच जिना. धुराचा अलार्म खाली-वर दोन्हीकडे, आणि वर निदान एक खिडकी अशी की माणूस बाहेर निघू शकेल. किचनमधून जिना नको. आणि वायरिंग जुनं असेल तर त्यावर इन्सुलेशन अंथरायच्या आधी बदलून घ्या, झाकलेली वायर तापते. परवानगीचं पण बघा, सामान ठेवायचा माळा आणि राहायची खोली कागदावर वेगळ्या असतात, घर विकताना तेच उकरून काढतात लोक

दोन दिवसांनी

दादा: अपडेट. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, म्हटलं कामाची जागा २४० आहे, त्यावर रेट लाव. तो म्हणाला ठीक आहे साहेब, आणि रेट बरोबर तिप्पट केला

बंटी: 😂😂😂

अण्णा: हसू नका, तो चुकीचं नाही बोलत. छप्पर आख्खं इन्सुलेट करायचंय, गर्डर भिंत ते भिंत, जिना एकच. तू १०० फूट वापरलेस काय आणि ३०० काय, ही कामं तेवढीच. म्हणून तर म्हणतोय फुटाचा रेट घेऊच नको. आयटम लिहून घे: स्टील, फ्लोअर, जिना, इन्सुलेशन, खिडक्या, टाकी हलवणं, वायरिंग, खालच्या सीलिंगची दुरुस्ती. हे शेवटचं सगळे विसरतात, बीम टाकताना खालचं प्लास्टर हमखास पडतं. असं तिघांकडून घे, इंजिनियरच्या ड्रॉइंगवर, आणि वर दहा-पंधरा टक्के बाजूला ठेव. बोर्ड उघडल्यावर वाळवी निघाली की ते पैसे लागतात

वहिनी: मी पण एक हिशोब केलाय. पोरांची खोली १६ फूट लांब आहे, खिडक्या दोन. मध्ये कपाटांचं पार्टिशन टाकलं तर दोघांना आठ-आठ फूट, दोघांना खिडकी. जिन्याला हॉलमधले चाळीस फूट द्यायचे नाहीत, टाकी हलवायची नाही. मोठा पोरगा तीन-चार वर्षांत शिकायला बाहेर जाईल मग वरची खोली कुणासाठी?

दादा: वर्क फ्रॉम होमला मला लागेल ना

वहिनी: म्हणजे पोरांसाठी नव्हतीच 😄

ताई: 😂 पकडला

आत्या: वहिनी बरोबर आहे

अण्णा: पार्टिशनचा खर्च पण त्याच यादीत लिही, एका कागदावर दोन्ही आकडे. आणि इंजिनियरला एकदा बोलावच, फी जाईल ती जाऊ दे. कैच्या कशा आहेत, भिंती वजन घेतील का, हे त्याने लिहून दिलं की मग ठरवा. नाही म्हणाला तर बाकीचं बोलायचं काम नाही

दादा: हो, रविवारी बोलावतो. भाऊजी तुमच्या ओळखीचे होते ना एक

भाऊजी: नंबर पर्सनलवर टाकलाय. वर चढायला शिडी पक्की ठेवा, मागच्या वेळची हलत होती, आणि फळ्या टाकून ठेवा तुळयांवर. सीलिंगवर पाय पडला तर खाली हॉलमध्ये उतरेल तो