मदत हवी आहे: ब्राझीलच्या जंगलातला मलेरिया

नमस्कार मंडळी. माझी मुलगी बेडकांच्या अभ्यासासाठी ब्राझीलला साओ पाउलोजवळच्या सेरा दो मारच्या जंगलात तीन महिने राहणार आहे. काल तिने फोटो पाठवला. झाडाच्या फांदीवर अननसाच्या कुळातलं ब्रोमेलियाड, पानांच्या बेचक्यात वाटीभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

वाचलं तर ॲनॉफिलीस क्रुझी हा डास अशाच पाण्यात वाढतो आणि मलेरिया पसरवतो. तिथल्या रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना जंगलात ताप का येतो, हे ब्राझीलचे डॉक्टर आडोल्फो लुट्झ यांनी १९०३ साली मांडलं होतं. हाऊलर माकडांमधला मलेरियाचा परजीवीही माणसांत येतो. २०१५-१६ मध्ये रिओ राज्यात असे रुग्ण सापडले.

आपण घरातली पिंपं कोरडी ठेवतो, पण झाडावरचं पाणी कसं उपसणार? हा डास संध्याकाळी जास्त चावतो, आणि बेडूक शोधायची वेळही नेमकी तीच. त्यामुळे नुसत्या मच्छरदाणीवर भागणार नाही.

तिकडे काम केलेलं कुणी आहे का? अंगाला लावायला काय वापरलंत? प्रतिबंधक गोळ्या घेतल्या होत्या का? आणि ताप आलाच तर रक्त तपासायला जवळ सोय असते का? कृपया कळवा, ती पुढच्या आठवड्यात जंगलातल्या मुक्कामाला निघतेय.