पहिलीतल्या मुलांच्या धावण्या-झेलण्याला शेरे द्यावेत का?

धागाकर्ती (दादर):
माझा मुलगा पहिलीत आहे. त्याच्या शाळेने यंदा मुलांच्या मूलभूत हालचालींचे मूल्यमापन केले आणि प्रगतिपुस्तकात ‘चेंडू झेलणे : अपेक्षेपेक्षा कमी’ अशी ओळ आली. आमच्या इमारतीच्या आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई असल्याचा फलक आहे आणि शिवाजी पार्क गाठायला रविवार उजाडावा लागतो. ज्याच्या हाती चेंडूच पडत नाही, त्याला तो झेलता येत नाही असा शेरा देणे मला अन्यायाचे वाटते. सहा वर्षांच्या मुलांची अशी मोजणी होऊच नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ (क्रीडाशिक्षक, मुलुंड):
आपला राग समजतो, निष्कर्ष मात्र पटत नाही. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांमध्ये ५ ते ८ या वयोगटासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), फ्लेमिंगो तोल (एका पायावर तोल सांभाळणे) आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना हाताने आळीपाळीने झटपट स्पर्श करणे) असते. मूल झेलते कसे, फेकते कसे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी अमेरिकन संशोधक डेल उलरिच यांची टीजीएमडी (टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट) ही मुलांच्या मोठ्या हालचालींची चाचणी आहे. ती १९८५ मध्ये आली आणि तिच्या तिसऱ्या आवृत्तीत १३ कौशल्ये आहेत : सहा धावण्या-उड्या मारण्याची आणि सात चेंडूची. प्रत्येक कृती आधी करून दाखवली जाते, मग मुलाचे दोन प्रयत्न पाहून प्रत्येक निकषाला एक किंवा शून्य दिले जाते. झेलण्याचे निकष तीनच : कोपरे वाकवून हात समोर धरले का, चेंडूकडे हात पुढे नेले का, आणि चेंडू फक्त हातांनीच पकडला का. चेंडू छातीशी कवटाळणारे मूल तिसऱ्या निकषात अडते, पहिल्या दोन्हींत ते पुरेपूर उतरू शकते. त्यामुळे मोजणीपेक्षा, तिचा सारा तपशील गिळून टाकणारी ती एक ओळ मला दोषी वाटते.

प्रतिसाद २ (निवृत्त बालवाडी शिक्षिका, गिरगाव):
तपशील दिला तरी तुलना कोणाशी, हा प्रश्न उरतोच. या चाचणीची प्रमाणके, म्हणजे कोणत्या वयात किती गुण अपेक्षित याचे आकडे, अमेरिकेतल्या मुलांवरून ठरलेली आहेत आणि तिच्यात दोन्ही हातांनी बॅट धरून, स्थिर ठेवलेला चेंडू टोलवायचा असतो. आमच्या चाळीच्या चौकातली मुलगी लंगडी घालत चार जणींना बाद करते. एका पायावर तोल सांभाळून, दिशा बदलत, समोरचीचा अंदाज घेत केलेली ती हालचाल कोणत्या रकान्यात बसवायची? शिवाय अनोळखी माणूस हातात कागद घेऊन समोर उभा राहिला की निम्मी मुले जागच्या जागी थिजतात. (मोठ्या माणसांचेही काही वेगळे होत नाही.) मी वर्षानुवर्षे मुलांना खेळताना पाहिले आणि कोणाला काय जमत नाही, ते मला कागदाविना कळत असे.

प्रतिसाद ३ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ठाणे):
बाई, आपल्याला कळत असे, पण एका वर्गात साठ मुले असलेल्या शिक्षकाला ते कळेलच असे नाही. शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे हालचालींचा मेळ साधण्यात अडचण आणणारा विकार, असतो. बटणे लावता येत नाहीत, जिना उतरताना अडखळते, म्हणून घरीदारी ‘धांदरट’ ठरलेली यांतली कित्येक मुले आमच्यापर्यंत फार उशिरा पोहोचतात. मात्र धागाकर्तीचा मुद्दाही निदानाच्या निकषातच आहे : मुलाचे वय आणि त्याला ते कौशल्य शिकण्याची मिळालेली संधी, या दोन्हींच्या मानाने ते बरेच मागे असेल तरच तो विकार मानतात. म्हणून शाळेने आधी सहा-आठ आठवडे मुलांना चेंडू द्यावा आणि मग पाहावे. जे तरीही अडते, त्याच्याकडे लक्ष द्यावे.

धागाकर्ती :
मी आज शाळेत जाऊन निकषांचा कागद मागितला. माझा मुलगा खरोखरच चेंडू छातीशी कवटाळतो आणि बाकीच्या दोन निकषांत त्याला पूर्ण गुण आहेत. तो कागद मला उपयोगी वाटला, हे मान्य करते. परंतु तो शिक्षकांच्या कपाटात असावा आणि प्रगतिपुस्तकात त्याची सावलीही पडू नये, या मतावर मी ठाम आहे. चेंडू देण्याबद्दल विचारले, तेव्हा शाळेच्या गच्चीवर तो खेळण्यास मनाई असल्याचे सांगण्यात आले.