वाळवंटातल्या शहरात बस-मेट्रो कशी चालवतात? दुबईत राहिलेल्यांनी सांगा

भांडुपकर_७:
जूनमध्ये भावाकडे दुबईला आठ दिवस होतो. पहिल्याच दुपारी बघितलं तर बसस्टॉप म्हणजे काचेची बंद खोली आणि आत एसी, दार लोटून आत शिरलो आणि जीवात जीव आला. पण दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या स्टॉपला नुसतं छप्पर, दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. एवढ्या उन्हात लोकांनी गाडी घरी ठेवून बसने जावं हे कसं जमवतात, आणि ते शहर तर नुसतं वाढतच चाललंय. आपल्याकडे ठाण्याच्या पुढे पण तेच होतंय म्हणून विचारतोय.

कुसैसची_ताई:
मी ९ वर्षं अल कुसैसला होते, ऑफिस शेख झायेद रोडवर. मेट्रोची रेड लाइन ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली आणि ग्रीन लाइन बरोब्बर दोन वर्षांनी, मी गेले तेव्हा ग्रीन नव्हती त्यामुळे फरक स्वतः बघितलाय. मेट्रो ड्रायव्हरशिवाय चालते वगैरे ठीक आहे, पण खरी मेहनत स्टेशनच्या बाहेर घेतलीय. तो दहा-बारा लेनचा शेख झायेद रोड ओलांडायला एसी पूल, आत सरकते पट्टे, पुढे स्टेशनपासून वस्तीत नेणाऱ्या एफ नंबरच्या फीडर बस, आणि सगळ्याला एकच नोल कार्ड, म्हणजे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड. अर्ध्या तासाच्या आत बदललं तर प्रवास एकच धरतात, भाड्यासाठी शहराचे झोन पाडलेत, एका झोनला ३ दिरहॅम, दोनला ५, त्यापुढे साडेसात. पण माझी फीडर वीस मिनिटांनी यायची. ऑगस्टमध्ये आम्ही चार-पाच जण दिव्याच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे राहायचो, सावली सरकली की रांग पण सरकायची. माझ्या ऑफिसातल्या दोघींनी त्या वीस मिनिटांपायीच गाडी घेतली.

डेपोतला_माणूस:
ताई बरोबर बोलल्या. मी २६ वर्षं मुंबईत बसच्या वर्कशॉपला काढली, एसी बस आल्यापासून एसीचंच काम. प्रत्येक स्टॉपला दार उघडलं की थंड हवा बाहेर, परत गार करायला कॉम्प्रेसरवर लोड, आणि इलेक्ट्रिक बस असेल तर ते सगळं बॅटरीतूनच जातं मग गाडी कमी किलोमीटर चालते. धूळ हा दुसरा शत्रू. मे महिन्यात छतावरचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग, उघडला की कॉइलवर गोधडीसारखा थर, तो धुतल्याशिवाय कितीही गॅस भरा, गाडी गार होत नाही. तिकडे तर वाळूच. म्हणून अशा शहरात जादा गाड्या आणि धुण्याचं वेळापत्रक हवंच, एक गाडी बंद पडली की मागच्या स्टॉपवर माणूस भाजतो.

चेंबूर_ते_सीएसएमटी:
एक गोष्ट राहिली. दुबई समुद्राला धरून लांबट आहे म्हणून रेड लाइन एका रस्त्याच्या कडेने गेली आणि भरली पण. नंतर वस्ती आत वाळवंटाकडे सरकली. इंटरनॅशनल सिटीत माणसं कधीची राहतायत आणि तिथे जाणारी ब्लू लाइन, ३० किमी, १४ स्टेशनं, ती २०२९ ला येणार. तोवर बसच. आणि नुसतं ऊन नाही हो, एप्रिल २०२४ च्या पावसात त्यांची चार स्टेशनं महिनाभर बंद होती.

भांडुपकर_७:
खूप आभार सगळ्यांचे. ताई, खांबाच्या सावलीचं वाचून आमच्या भांडुपच्या एलबीएस रोडवरचा स्टॉप आठवला, छप्पर आहे पण दुपारी ऊन तिरपं येतं आणि आई छत्री आडवी धरून बसते. डेपोवाले काका, स्टॉपला पश्चिमेकडून नुसती एक जाळी लावायची असेल तर अर्ज वॉर्ड ऑफिसला द्यायचा की डेपोत?