'नोसफेराटू' जाळून टाका म्हणणारं कोर्ट बरोबरच होतं

खडूस_वाचक
१९२२चा जर्मन मूकपट 'नोसफेराटू' मोठा सिनेमा आहे, त्यावर भांडण नाही. पण त्याची आरती ओवाळताना एक बाजू हमखास गाळली जाते. 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकर १९१२ साली गेला. मागे राहिलेल्या त्याच्या पत्नी फ्लॉरेन्सबाईंना त्या कादंबरीचा मोठा आधार होता. 'नोसफेराटू' काढणाऱ्या बर्लिनच्या प्राना-फिल्म कंपनीने त्यांना ना विचारलं, ना छदाम दिला. ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक केला, हार्करचा हुटर, मीनाची एलेन, आणि लंडनच्या जागी विसबोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन शहर. वर श्रेयनामावलीत कादंबरीचं नाव छापलं, म्हणजे नकळत झालं म्हणायचीही सोय नाही! बाईंनी दावा लावला तर कंपनीने दिवाळं काढलं. पैसे बुडाले म्हटल्यावर त्यांनी प्रती नष्ट करा अशी मागणी केली आणि १९२५ साली कोर्टाने ती मान्य केली. यात बाईंचं काय चुकलं?

सावलीवाला
पैसे द्यायलाच हवे होते. पण नुकसानभरपाई वेगळी आणि होळी वेगळी.
शिवाय नुसती नावं बदलली असं म्हणणं म्हणजे सिनेमा न बघता बोलणं. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो. उजेडात त्याची ताकद कमी होते, जीव जात नाही. त्याला मारतात ते सुऱ्यांनी. सकाळचं ऊन लागताच विरून जाणारा रक्तपिपासू पडद्यावर आणला तो दिग्दर्शक मुर्नाऊ आणि पटकथाकार हेनरिक गालेन यांनी. पुढच्या शंभर वर्षांत किती जणांनी तो उचलला, मोजा.
प्लेगही त्यांचाच. जहाजातून काउंटबरोबर उंदीर उतरतात, दारांवर खुणा होतात, रस्त्यातून एकामागून एक शवपेट्या जातात. पहिलं महायुद्ध आणि फ्लूची साथ नुकतीच सोसलेल्या जर्मन प्रेक्षकाला हे कसं दिसलं असेल? आणि शेवटी काउंटला कोणी शूर पुरुष मारत नाही. एलेन त्याला कोंबडा आरवेपर्यंत स्वतःपाशी अडकवून ठेवते आणि त्यात मरते. स्टोकरची मीना जिवंत राहते.

खडूस_वाचक
दुसऱ्याच्या प्लॉटवर कितीही देखणा बंगला बांधा, सातबारा बदलत नाही.
आणि रीतसर करता येत होतंच की. हॅमिल्टन डीनने १९२४ साली बाईंच्या परवानगीनेच नाटक केलं. बेला लुगोसीच्या १९३१च्या 'ड्रॅक्युला'साठी युनिव्हर्सलने हक्क विकत घेतले. मुर्नाऊची तर ही पहिली वेळही नव्हती. १९२० साली त्याने स्टीव्हन्सनची जेकिल आणि हाइडची गोष्ट अशीच नावं बदलून केली होती. गंमत म्हणजे त्यातही लुगोसी होता, छोट्याशा भूमिकेत.

पॉपकॉर्न_आजोबा
मला तर बघताना डुलकी लागली. घोडागाडी अशी पळते की हसू येतं. आणि काउंटसाहेब उन्हात मरणार म्हणे, पण शवपेटी काखोटीला मारून भर उन्हात गावभर हिंडतात!

सावलीवाला
आजोबा, तुम्ही नेटवरची काळीपांढरी प्रत बघितलीत. तेव्हाच्या फिल्मवर रात्रीचं चित्रण जवळपास अशक्य, म्हणून रात्रीचे प्रसंगही दिवसा टिपले आणि प्रतीवर निळा रंग चढवला. निळं म्हणजे रात्र. तो रंग गेला की सगळी भीतीच उन्हात येते. रंग परत चढवलेली, दुरुस्त केलेली प्रत बघा. जिन्यावरून चढणारी सावली तेव्हाही नाही भावली तर खुशाल झोपा.

आडवाट
तुम्ही हक्कांवर भांडताय, मला तो चेहराच खटकतो. लांब वाकडं नाक, नखं, पूर्वेकडून येऊन शहरात घर घेणारा परका, सोबत उंदीर आणि रोगराई. ज्यूंविरुद्धच्या व्यंगचित्रांत हेच सगळं असायचं. पुढे दहा-अकरा वर्षांत त्या देशात काय झालं ते माहीत असताना मला हा सिनेमा निवांत बघता येत नाही.

सावलीवाला
पटकथा लिहिणारा गालेन ज्यू होता. घरांची दलाली करणाऱ्या वेड्या क्नॉकचं काम करणारा अलेक्झांडर ग्रानाखही ज्यू, ज्याला नाझी आल्यावर देश सोडावा लागला. ही मंडळी असा प्रचार करतील?

आडवाट
प्रचार केला असं मी म्हटलंच नाही. पण प्रेक्षक पडदा बघतो, पटकथाकाराचा जन्मदाखला नाही. हेतू नसतानाही चित्र आपलं काम करतं.

खडूस_वाचक
हा वेगळा धागा होईल, काढाच. मी कोर्टावरच थांबतो.

सावलीवाला
मग कोर्टाबद्दलच. तुम्ही जेकिल-हाइडवाला १९२०चा सिनेमा काढलात. तो आज बघायचा कुठे? एकही प्रत उरलेली नाही, आणि त्याच्या जाळपोळीचा हुकूम कोणी काढला नव्हता. त्या काळचे मूकपट असेच ढिगाने गेले. त्यात कोर्टाने स्वतःच्या हाताने भर कशाला घालायची? 'नोसफेराटू' वाचला तो हुकूम सगळीकडे पोचला नाही म्हणून.

खडूस_वाचक
वाचला याचा आनंद मलाही आहे. पण १९२५ साली न्यायाधीशासमोर जागतिक वारसा वगैरे काही नव्हतं. एक फसवली गेलेली बाई होती आणि दिवाळं काढून मोकळी झालेली कंपनी. तुम्ही त्या खुर्चीत असता तर तिला काय दिलं असतं?

सावलीवाला
प्रतींचा ताबा. दाखवू दे, विकू दे, कुलूप लावू दे.

पॉपकॉर्न_आजोबा
निळी प्रत मिळाली. जिन्यापर्यंत जागा होतो.