राज्यपालनियुक्त आमदारांना सभागृहात मताचा अधिकार असावा का?

कृष्णाकाठ: महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांसाठी संविधानाच्या अनुच्छेद १७१ ने या जागा ठेवल्या आहेत. जून २०२० मध्ये या बाराही जागा रिकाम्या झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तत्कालीन मंत्रिमंडळाने बारा नावे पाठवली, परंतु राज्यपालांनी त्यांवर निर्णयच दिला नाही. सत्ताबदलानंतर ती यादी मागे घेण्यात आली, आणि अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक ज्या दिवशी जाहीर झाली त्याच दिवशी, सात जणांनी शपथ घेतली. चार वर्षांहून अधिक काळ या जागा रिकाम्या राहिल्याचे सामान्य माणसाला जाणवलेही नसेल, तर लोकांनी न निवडलेल्या सदस्यांना कायदेमंडळात स्थान असावे का, हा माझा प्रश्न आहे.

सनदशीर: माझ्या मते असू नये, आणि त्याचे कारण मत हे आहे. नियुक्त सदस्य विधेयकावर मत देतो, सभापतीच्या निवडीत मत देतो आणि मंत्रीही होऊ शकतो. १९५२ मध्ये राजाजींना (चक्रवर्ती राजगोपालाचारी) मद्रासच्या विधान परिषदेवर नियुक्त करूनच मुख्यमंत्रिपदावर बसवण्यात आले होते. आपल्याकडेही एप्रिल २०२० मध्ये उद्धव ठाकरे यांना राज्यपालनियुक्त सदस्य करावे, अशी शिफारस मंत्रिमंडळाने केली होती. पुढे मे महिन्यात ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले, म्हणून तो प्रसंग टळला. निवडणूक लढवणाऱ्याला मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र मतदारापुढे ठेवावे लागते, नियुक्त सदस्याला मात्र मतदारच नसल्यामुळे त्या परीक्षेतून जावे लागत नाही.

पुदुच्चेरीचे उदाहरण अधिक गंभीर आहे. तेथील विधानसभेत केंद्र सरकार तीन सदस्य नियुक्त करते आणि त्यांना मताचा पूर्ण अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नारायणसामी सरकार कोसळले तेव्हा विरोधकांकडे जे १४ सदस्य होते, त्यांत हे तिघे होते. सरकारच्या बाजूने अध्यक्षांसह १२ होते. लोकांनी दिलेला कौल दिल्लीहून आलेल्या तीन मतांनी फिरू शकतो, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही.

माळरान: मताबद्दलचा आक्षेप रास्त आहे, पण जागाच नकोत म्हणणे मला टोकाचे वाटते. ग. दि. माडगूळकर याच वाटेने परिषदेत गेले. १९७८ मध्ये पळसखेडचे ना. धों. महानोर गेले. कोरडवाहू जमीन स्वतः कसणारा कवी पाण्याबद्दल आणि शेतीबद्दल सभागृहात बोलतो, तेव्हा त्याच्यामागे मतदारसंघ नसणे हेच त्याचे बळ असते, कारण त्याला पुढच्या निवडणुकीचा हिशोब करायचा नसतो. अशा माणसांकडे निवडणूक लढवण्याइतका पैसा नसतो, कार्यकर्त्यांची फळी नसते, आणि पक्ष त्यांना तिकीट देत नाहीत. सात जणांच्या त्या यादीत माजी खासदार, माजी आमदार आणि माजी महापौर होते. त्यांनी निवडणूक लढवावी, त्यांना हे दार कशासाठी हवे?

सनदशीर: याचे उत्तर व्यवस्थेतच आहे. नावे मंत्रिमंडळ ठरवते, आणि नियुक्त सदस्याने सहा महिन्यांच्या आत एखाद्या पक्षात प्रवेश केला तरी संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींनुसार, त्याचे सदस्यत्व जात नाही. अशा स्थितीत सत्ताधारी पक्ष कवीला शोधत बसेल, ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

इतिवृत्त: मी नगरपालिकेत सभेचे कामकाज लिहून घेत असे, म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे स्वीकृत नगरसेवक म्हणून एक डॉक्टर होते. साथीच्या रोगांचा किंवा गटारांचा विषय आला की सभागृह त्यांचे म्हणणे मनापासून ऐकत असे, आणि मूळ ठरावात त्यांच्या सूचनेप्रमाणे दुरुस्ती झाल्याचे मी स्वतः लिहिले आहे. मात्र ठराव मताला टाकला की त्यांचा हात मोजला जात नसे. संविधानाच्या अनुच्छेद २४३-आर नेच विशेष ज्ञानासाठी घेतलेल्या सदस्याला पालिकेच्या सभेत मताचा अधिकार नाकारला आहे, आणि दिल्लीच्या महापौर निवडणुकीच्या वादात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. त्यामुळे आमच्या डॉक्टरांचे वजन कमी झाले नाही. उलट त्यांना कोणत्या गटाने फोडावे, असा प्रश्नच कधी उद्भवला नाही. जी मर्यादा पालिकेला योग्य वाटते, ती परिषदेला का लावू नये, हे मला अद्याप कळलेले नाही.

लंडनवासी: येथील हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कोणीच लोकांनी निवडलेले नाही, परंतु १९११ आणि १९४९ च्या कायद्यांनंतर ते बहुतेक विधेयके केवळ लांबवू शकते. नावांची छाननी करणारा एक स्वतंत्र आयोग २००० पासून आहे. तथापि डिसेंबर २०२० मध्ये पंतप्रधान जॉन्सन यांनी आयोगाचा सल्ला डावलून एका व्यक्तीला सदस्यत्व दिले. तेव्हा आयोग नेमायचा असेल, तर त्याचा निर्णय बंधनकारक असायला हवा.

कृष्णाकाठ: ‘इतिवृत्त’ यांचा मार्ग मला पटला. त्यासाठी नेमके कोणते पाऊल उचलावे लागेल?

सनदशीर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिषदेची रचना बदलणे, म्हणजे नियुक्त जागा कमी करणे किंवा काढून टाकणे, हे अनुच्छेद १७१(२) नुसार संसद साध्या कायद्याने करू शकते. केवळ मताचा अधिकार काढायचा असेल, तर अनुच्छेद १८९ मध्ये दुरुस्ती करावी लागेल, कारण सभागृहातील निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात असे तेथे म्हटले आहे आणि त्यात निवडलेला व नियुक्त असा भेद नाही. दोन्ही बाबतींत निर्णय संसदेच्या हाती असल्याने ही मागणी राज्यपालांकडे किंवा विधानभवनात नेऊन उपयोग नाही; ती आपापल्या खासदाराकडेच लेखी करावी लागेल.